विषय: बिअरचा पाइंट (मोठा ग्लास) ५ पौंड ८० पेन्सला गेला. आपल्या मराठी मंडळाचा महिन्याचा कट्टा पबमध्येच ठेवायचा का?

प्रेषक: कट्ट्यावरचा एक सभासद

नमस्कार मंडळी,

परवा कट्ट्याला पबमधली दरांची नवी पाटी बघितलीत का? लागर बिअर ५.८०. दीड वर्षापूर्वी मी बर्मिंगहॅमला आलो तेव्हा त्याच नळाचा पाइंट पाच पौंडांच्या आत होता. दोन पाइंट, एक बशी चिप्स आणि बसभाडं धरलं की वीस पौंड गेले. घरभाडं आणि व्हिसाची फी भरून माझ्याकडे फार उरत नाही. एका पाइंटच्या पैशात सुपरमार्केटमधून चार कॅन येतात. मग आपण कम्युनिटी हॉल का घेऊ नये? कॅन आपले, चिवडा-भजी घरची.

बाबा फोनवर सांगत होते की पुण्यातही तेच चाललंय. परमिट रूमचा व्हॅट ५ वरून १० टक्के झाला, २०२५ च्या जूनमध्ये दारूवरचं उत्पादन शुल्क वाढलं आणि १४ जुलैला राज्यातल्या बारवाल्यांनी बंद पाळला. तिथे निदान बिअर त्या जूनच्या वाढीतून सुटली.

---

प्रेषक: खजिनदार

भाऊ, तुमची अडचण खरी आहे. मलाही ५.८० जड जातात. पण हा पैसा पबवाल्या बाईंच्या गल्ल्यात राहतो असं कुणाला वाटत असेल, तर जरा हिशेब मांडतो. आयुष्यभर हेच काम केलंय.

५.८० मध्ये २० टक्क्यांचा व्हॅट, म्हणजे एकूण किमतीचा सहावा हिस्सा, ९७ पेन्स. चार टक्के अल्कोहोलच्या पाइंटवर बिअर ड्यूटी, म्हणजे उत्पादन शुल्क, २०२५ च्या दराने साधारण ४३ पेन्स. झाले १.४०. २०२५ च्या फेब्रुवारीत पिंपातल्या बिअरची ड्यूटी कमी केली, ती ग्लासामागे एक पेनी. ती एक पेनी कुठे जिरली ते पुढे बघा.

२०२५ च्या एप्रिलपासून एकवीस वर्षांपासून पुढच्यांचं किमान वेतन ताशी ११.४४ वरून १२.२१ झालं. ते व्हायलाच हवं होतं, आपलीच मुलं तिथे शनिवार-रविवार ग्लास धुतात. पण त्याच महिन्यात मालकाचा नॅशनल इन्शुरन्स (नोकराच्या पगारावर मालकाने सरकारला भरायची रक्कम) १३.८ वरून १५ टक्क्यांवर गेला आणि तो लागू व्हायची मर्यादा ९,१०० पौंडांवरून ५,००० वर आली. आठवड्याला वीस तास काम करणारी, एकवीस पूर्ण झालेली एक मुलगी धरा. तिच्यासाठी बाई वर्षाला ३८६ पौंड भरायच्या, त्या एप्रिलपासून ११५५ भरू लागल्या. स्वयंपाकघर धरून तिथे अठरा माणसं आहेत. सगळी तिच्यासारखीच धरली आणि नॅशनल इन्शुरन्समधली सरकारची वाढीव सूट (५,००० ची १०,५०० झाली) वजा केली, तरी साधारण वर्षाला १,९५० पौंडांच्या जागी १०,३०० पौंड जाऊ लागले. पबला बिझनेस रेट्समध्ये (धंद्याच्या जागेवरच्या करात) ७५ टक्के सवलत होती, तीही त्याच एप्रिलपासून ४० वर आली.

आणि ज्याबद्दल पबबाहेर कुणी बोलत नाही ते म्हणजे टाय, भाडेकरूला बांधून ठेवणारी अट. इमारत बाईंची नाही, एका पब कंपनीची आहे. भाडं तर द्यायचंच, वर बिअरही कंपनीकडूनच, कंपनीच्या भावाने घ्यायची. बाहेर तेच पिंप बरंच स्वस्त मिळतं, पण त्यांना घेता येत नाही. पूर्वी पब थेट ब्रुअरींचे असत. १९८९ मध्ये सरकारने दोन हजारांवर पब असलेल्या ब्रुअरींवर बंधनं आणली, तेव्हा त्यांनी हजारो पब विकून टाकले. घेणाऱ्यांत मोठा वाटा होता तो बिअर न बनवणाऱ्या कंपन्यांचा, आणि भाडेकरूच्या गळ्यातला टाय तसाच राहिला. २०१६ च्या पब्ज कोडमुळे मोठ्या कंपन्यांच्या भाडेकरूला टाय सोडून नुसतं बाजारभावाने भाडं भरण्याचा हक्क मागता येतो, पण तो ठरावीक वेळीच, उदाहरणार्थ भाड्याची फेरतपासणी आली की. बाईंची फेरतपासणी अजून दोन वर्षं लांब आहे. त्यांनी मला कागद दाखवले म्हणून हे माहीत आहे.

सुपरमार्केटच्या कॅनवरही ड्यूटी आणि व्हॅट आहेच. पण त्याच दुकानातल्या बहुतेक खाद्यपदार्थांवर व्हॅट शून्य आहे, आणि पबच्या ताटावर २० टक्के. तेव्हा दुकानाला बिअर कमी नफ्यावर विकणं परवडतं. पबची वरची खोली कट्ट्यासाठी आपल्याला गेली अकरा वर्षं फुकट मिळते आहे, हेही हिशेबात धरावं ही विनंती.

---

प्रेषक: एक जुना सभासद

मी १९७१ साली बर्मिंगहॅमशेजारच्या स्मेदिकला फाउंड्रीत (धातू ओतण्याच्या कारखान्यात) लागलो. खोलीत ऊब नसायची, पबमध्ये शेकोटी असायची. भट्टीपुढे आठ तास उभं राहिल्यावर घशाला तो पाइंट लागायचाच. इंग्रजी मी तिथेच शिकलो. पंजाबी मित्र सोबत होते, आणि ते सांगत की थोड्याच वर्षांपूर्वी काही पबच्या आतल्या खोलीत आपल्या माणसाला बसू देत नसत. १२ फेब्रुवारी १९६५ ला अमेरिकेतले कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स स्मेदिकला आले, तेव्हा इंडियन वर्कर्स असोसिएशनचे अवतार सिंग जौहल त्यांना अशाच एका पबमध्ये घेऊन गेले. आतल्या खोलीत त्यांना बिअर दिली नाही. नऊ दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये माल्कम एक्स यांचा खून झाला. त्याच वर्षी असा भेदभाव बेकायदा ठरवणारा कायदा झाला.

पुढे पंजाब्यांनी स्मेदिकचे, वेस्ट ब्रॉमिचचे बंद पडत चाललेले पब चालवायला घेतले. आज गोरे लोक तिथे मिक्स्ड ग्रिल (भाजलेल्या मांसाचं ताट) खायला गर्दी करतात. ज्या दारातून आपल्याला आत घेत नव्हते, ती दारं आपल्याच माणसांनी उघडी ठेवली. ती पैशापायी बंद पडलेली मला बघवणार नाहीत.

कम्युनिटी हॉलची किल्ली नऊला परत द्यावी लागते. तुमची काकू गेल्यापासून महिन्यात तो एकच दिवस मी पोटभर मराठी बोलतो. ज्याला पाइंट परवडत नाही त्याने पाणी घेऊन बसावं, पण यावं. पोरा, तुझा पहिला पाइंट माझ्याकडून. नाही म्हणू नकोस.

---

प्रेषक: कट्ट्यावरचा एक सभासद

काका, येतो. खजिनदार साहेब, टायबद्दल मला काहीच माहीत नव्हतं. बाई भाव वाढवून मजा करतात असं मी दोघा-तिघांशी बोललो होतो, ते त्यांना आज सांगतो. माझी एक विनंती राहते. शनिवारऐवजी मंगळवार करता येईल का? मंगळवारी पबचा खालचा हॉल रिकामा असतो, बाईंना गिऱ्हाईक मिळेल, आणि आम्हा शिफ्टवाल्यांना शनिवारी कामं असतात.

---

प्रेषक: सचिव

सर्वांना नमस्कार. बाईंशी बोलले. मंगळवार त्यांना फार सोयीचा आहे, वरची खोली सात ते साडेदहा आपली. जेवण घरून आणायचं नाही, त्यांच्याच स्वयंपाकघरातून घ्यायचं असं मी सुचवते, कारण बिअरपेक्षा ताटावर त्यांना थोडं जास्त सुटतं आणि ताटाला टाय नाही. आपल्यातले निम्मे तर पीतच नाहीत, त्यांनी निदान जेवावं. विद्यार्थ्यांच्या ताटाचे निम्मे पैसे मंडळ भरेल, खजिनदारांनी होकार दिला आहे.

कोण जेवणार ते रविवारपर्यंत मला कळवा. शाकाहारी किती तेही लिहा, मागच्या वेळी चार ताटं कमी पडली होती. काकांना आणायला गाडी कोण काढतंय?