शक्तिपीठ महामार्ग: ग्रामसभांचे विरोधी ठराव मोजायचे की नाही?

बांधावरचा
देवीची शक्तिपीठं जोडणारा हा महामार्ग: वर्ध्याजवळचं पवनार ते गोव्याच्या सीमेवरचं पत्रादेवी, २०२५ च्या मंजुरीत ८०२ किलोमीटर, १२ जिल्हे. कोल्हापूर-सांगलीकडे गावोगावच्या ग्रामसभांनी या रस्त्याविरुद्ध ठराव केलेत. सत्तेतले इथले नेतेही उघड विरोधात बोलले, हसन मुश्रीफ त्यातलेच. २०२४ च्या विधानसभेच्या तोंडावर कोल्हापूरपुरती भूसंपादनाची अधिसूचना रद्द झाली. आणि २४ जून २०२५ ला मंत्रिमंडळाने या रस्त्याच्या भूसंपादनासाठी २०,७८७ कोटींना मंजुरी दिली! गावच सोबत नसेल तर जमिनीची मोजणी कुणाच्या भरवशावर करता?

आमचं रान ३४ गुंठे. नदीवरून येणारी पाइपलाइन बारा जणांच्या उसातून येते. मधली दोन रानं रस्त्यात गेली की खालच्या सगळ्यांचं पाणी तुटतं, ज्यांचा एक गुंठाही जात नाही त्यांचंसुद्धा. नोटिशीत गट नंबर असतो, पाइपलाइन नसते. म्हणून ठराव अख्ख्या गावाचा आहे.

पैनगंगेपल्याड
तुमचं पाणी तुटतंय हे मान्य. पण एका टोकाच्या गावांनी नको म्हटलं म्हणून बाकीच्या जिल्ह्यांनी थांबायचं का? मी उमरखेडचा. वडिलांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा रात्री गाडीने नांदेड गाठेपर्यंत मी त्यांचा हात धरून फक्त किलोमीटरचे दगड मोजत होतो. आमच्याकडे रस्ता म्हणजे दवाखाना. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गालाही आधी गावागावांत विरोध होता, पाचपट मोबदला हातात पडल्यावर लोकांनी आपणहून खरेदीखतं केली. ७०१ किलोमीटरचा रस्ता आज पूर्ण सुरू आहे.

बांधावरचा
त्या रात्रीबद्दल वाईट वाटलं. पण हा महामार्ग प्रवेशनियंत्रित आहे. जिथे इंटरचेंज तिथेच चढता येणार, तो तुमच्या गावाजवळ आहे का ते आधी नकाशात बघा. नागपूर-रत्नागिरी महामार्ग आधीच वर्धा, यवतमाळ, नांदेड, लातूर, तुळजापूर, सोलापूर करत इकडे येतो. त्यालाच जोडून माहूरपर्यंत चांगला रस्ता द्या, देवीच्या भक्तांचीही सोय होईल.

पैनगंगेपल्याड
तो रस्ता गावागावांतून जातो, ट्रॅक्टर, बैलगाडी, शाळेची पोरं सगळी त्यावरच. लांबच्या वाहतुकीला वेगळा मार्ग लागतोच. इंटरचेंजचा मुद्दा मात्र बरोबर आहे, आमच्या सरपंचांना विचारतो.

पंचगंगाकाठ
पुराचं कुणीच बोलत नाही. २०१९ आणि २०२१, दोन्ही वेळा शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर पाणी आलं आणि वाहतूक बंद पडली. आमच्या घरात २०१९ ला पाणी छातीएवढं होतं, भिंतीवरची रेघ अजून पुसलेली नाही. अशा पट्ट्यात आणखी एक भराव टाकला तर पाणी जाणार कुठून? पूररेषेत तरी भराव नको, खांबांवरच न्या. खर्च वाढेल, तो आधीच हिशेबात धरा.

कलम-पोटकलम
कायद्याचं तेवढं सांगतो, कारण ठराव म्हणजे स्थगिती असा समज पसरतोय. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात खासगी भागीदारीतल्या प्रकल्पाला बाधितांपैकी ७० टक्क्यांची संमती लागते, सरकारच्या स्वतःच्या प्रकल्पाला ही अट नाही. पेसा क्षेत्रात, म्हणजे पेसा कायदा लागू असलेल्या आदिवासी भागात, ग्रामसभेशी सल्लामसलत बंधनकारक आहे, इतर गावांच्या ठरावाला तसं बळ नाही. तेव्हा ठरावावर विसंबून राहू नका. ज्याची जमीन जातेय त्याने वेगळी लेखी हरकत मुदतीत दिलीच पाहिजे. आणि पोच घ्या.

पैनगंगेपल्याड
मग ठरावाने अडणार काहीच नाही, तरी सरकारने ऐकायचं?

पंचगंगाकाठ
होय, ऐकायचं. त्या २०,७८७ कोटींत जमिनीचे १२,००० कोटी आणि बाकी ८,७८७ कोटी निव्वळ कर्जाच्या व्याजापोटी धरलेत. गाव विरोधात असताना मोजणी रखडत जाते आणि रखडलेल्या प्रत्येक वर्षाचं व्याज तुमच्याआमच्या डोक्यावर बसतं.

बांधावरचा
हरकतीचं लक्षात आलं, आभार. रविवारी आम्ही बारा जण पाइपलाइनवरून चालत जाऊन प्रत्येक व्हॉल्व्ह कुठल्या गटात येतो ते लिहून काढणार आहोत. तो कागद प्रत्येकाच्या हरकतीला जोडू. पैनगंगेपल्याड, इंटरचेंजचं कळलं की इथेच सांगा.