मदत हवी आहे : मुंबईतील मेलानोमाचे दर कसे वाचावेत?

माझ्या मावशीच्या टाचेवरचा तांदळाएवढा काळा डाग वर्षभर कुरूप समजून तासला जात होता. तो मेलानोमा, म्हणजे त्वचेच्या रंगद्रव्य-पेशींचा कर्करोग, असल्याचे निदान झाले, तेव्हा रोग जांघेतील गाठींपर्यंत पोहोचला होता. आपल्याकडे हा कर्करोग वर्षाला लाखामागे एकाहूनही कमी जणांना होतो आणि बरेचदा तळपायावर किंवा नखाखाली उद्भवतो, त्यामुळे उन्हाशी जोडलेले पाश्चात्त्य निष्कर्ष इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ मध्ये सुरू केलेल्या मुंबईच्या कर्करोग नोंदणीच्या अहवालांवरून, सी-४३ या (रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातील त्वचेच्या मेलानोमाच्या) संकेतांकाखालील नवे रुग्ण आणि मृत्यू यांचे वयप्रमाणित (लोकसंख्येच्या वयोरचनेतील फरक वगळून काढलेले) दर मी मांडत आहे. रुग्णसंख्या इतकी थोडी असताना पाच-पाच वर्षे एकत्र करावीत का, आणि तळपायाच्या रुग्णांची वेगळी विभागणी कुठे मिळेल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.