'कमिटमेंट'ला आपल्याकडं काय म्हणायचं? सोयरीक, निभावणं का शब्द?

दिवाळीपासून घरात एका शब्दावरून वाद चालूय म्हणून इथं विचारायले. आम्ही तिघी बहिणी, गाव औसा तालुक्यातलं, मी मधली. धाकटी पुण्याला नोकरीला, तिथल्याच एकासोबत तीन वर्षांपासून राहती आन लग्नाचं विचारलं की म्हणती आमचं कमिटमेंट आहे, कागद कशाला पाहिजे. आक्का म्हणली ते राहू दे, सोयरीक झाली का नाही तेवढं सांग. नाही म्हणल्यावर, "मंग काहीच झालं नाही." विषय बंद.

पण माझ्या डोक्यातून जाईना. सोयरीक कशी बोलतो बघा, जमती, जुळती, मोडती. केलीच तर बापानं, मामानं केली. 'मी माझी सोयरीक केली' असं म्हणलेली पोरगी मी तरी ऐकली नाही. सुपारी फुटती, तीबी अशीच, पोरगी आपली आतल्या खोलीत. धाकटीला 'मी'नं सुरू होणारं वाक्य पाहिजे म्हणून ती इंग्रजीत शिरती का काय?

आक्का तर 'प्रेम' हा शब्दच तोंडात आणत नाही. तिचं जीव लावणं असतंय, लेकराला, म्हशीला, दाजीला, सगळ्याला एकच. आन निभावणं. "अठरा वर्षं निभावलं मी" म्हणती तवा त्यात अभिमान किती आन शीण किती ते मला अजून कळलं नाही.

बांधिलकी सुचवू नका प्लीज, ती 'सामाजिक'चा हात धरल्याशिवाय घराबाहेर पडत नाही.

प्रतिसाद :
'शब्द' आहे की ताई. आमच्या परभणीकडं शब्द दिलाय म्हणलं की बास, माणूस मागं सरत नाही.

मूळ लेखिका :
शब्द एकदा देऊन मोकळं होता येतं दादा. धाकटी म्हणती कमिटमेंट रोज असते. आन आपल्याकडं शब्द जास्त करून बाप्ये एकमेकांना देतात, सोयरिकीतबी.

प्रतिसाद :
निभणं हे निर्वाहवरून आलंय, त्यात वह् धातू, वाहून नेणं. विवाहातबी तोच वह्. उदरनिर्वाहातला निर्वाह पण हाच, म्हणून तुमच्या आक्काच्या बोलण्यात डोक्यावरच्या ओझ्याचा भास होतो, तिची चूक नाही, शब्दच तसा आहे.

प्रतिसाद :
सोयरे म्हणजे कोण हे आम्हा जालनेकरांना विचारा :) जानेवारी २०२४ मध्ये मराठ्यांच्या कुणबी दाखल्याच्या सरकारी मसुद्यात 'सगेसोयरे' आलं तेव्हापासून इकडं टपरीवरबी व्याख्या चालू. मसुद्यात सजातीय विवाहातून जुळलेली नाती असं धरलं होतं, म्हणजे त्या कागदापुरतं तरी जातीबाहेर केलं की सोयरीक नाही. तुकोबांनी मात्र वृक्षवल्लीलाच सोयरे करून टाकलं, त्यांना कुणी दाखला मागितला नाही.

प्रतिसाद :
मूळ अर्थ तर अजून वेगळा. सोयरा आला सोदरवरून, सोदर म्हणजे सहोदर, एका पोटचे. भावाबहिणीचा शब्द हळूहळू लग्नाच्या नात्याकडं सरकला, आता सख्ख्या बहिणीला सोयरी म्हणलं तर ती रुसून बसेल.

मूळ लेखिका :
हे शेवटचं आक्काला फोनवर वाचून दाखवलं. म्हणजे आपण तिघी सोयऱ्या का, म्हणली, आन मंग बराच वेळ काहीच नाही, मागं कुकरच्या शिट्ट्या. शेवटी म्हणली, "तिला म्हणाव येळवशीला (वेळ अमावस्या, आमच्याकडचा शेतातला सण) ये, त्यालाबी आण, भज्जी-आंबिल खाऊ घालू. पण मामासमोर ते इंग्रजी नको."

येळवस पंधरा दिवसांवर आलीय. मामा पहिलाच प्रश्न विचारणार, हा पाहुणा कोण. शब्द अजून पाहिजेच आहे, सुचवा लौकर.