मधुर जाफरी: सुरुवात कुठून करावी?

अळूवडी
मंडळी, भाची लेस्टरला पत्रकारिता शिकतेय. खाण्यावर लिहायचं, जमलं तर कॅमेऱ्यासमोरही उभं राहायचं, असं तिने मनावर घेतलंय. वाढदिवसाला भारतीय स्वयंपाकावर लिहिणाऱ्या अभिनेत्री मधुर जाफरींचं काहीतरी द्यावं म्हणते, पण पुस्तकं ढीगभर आहेत. स्वयंपाक तिला बऱ्यापैकी येतो. या बाईंनी एवढं काम कसं उभं केलं ते तिला कळावं, हा हेतू. काय घेऊ?

पाटावरवंटा
'ॲन इन्व्हिटेशन टू इंडियन कुकिंग', १९७३. डोळे मिटून घ्या.
जाफरी दिल्लीहून लंडनच्या 'राडा' (RADA) या नाट्यशाळेत नाटक शिकायला गेल्या तेव्हा त्यांना स्वतःला स्वयंपाक येत नव्हता. आई पत्रातून कृती कळवायची, त्यावरून शिकल्या. त्यामुळे नवख्याचं घोडं नेमकं कुठे अडतं ते त्यांना पक्कं ठाऊक आहे, आणि तिथे त्या दोन वाक्यं जास्त लिहितात. भाचीने पदार्थ केले नाहीत तरी चालेल, हे समजावणं मात्र नीट वाचावं.

मधलीसुट्टी
त्यांचं आत्मचरित्र आहे ना? 'क्लाइंबिंग द मँगो ट्रीज'. तेच द्या की.

पाटावरवंटा
सुंदर आहे, पण ते दिल्लीतलं बालपण. करिअर त्यात शोधाल तर हाती काही लागणार नाही. ते घडलं न्यूयॉर्कमध्ये. घटस्फोट झालेला, तीन मुली, आणि भारतीय नटीला तिथे भूमिका मिळणार त्या किती? १९६६ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सचे खाद्यलेखक क्रेग क्लेबोर्न यांनी 'स्वयंपाक करणारी अभिनेत्री' म्हणून त्यांच्यावर लिहिलं आणि खाण्याकडे वाट फुटली. पुढे पुस्तकाला संपादक मिळाल्या ज्यूडिथ जोन्स, प्रसिद्ध अमेरिकन पाककृती-लेखिका ज्यूलिया चाइल्डच्याच. नशीब म्हणा हवं तर, पण मजकूर तयार होता म्हणून ते कामी आलं.

निवांत_नागपूरकर
पुस्तकाचं ठीक. पण पोरीला कॅमेऱ्यासमोर यायचंय ना? मग बीबीसीची १९८२ची त्यांची टीव्ही मालिका 'इंडियन कुकरी' दाखवा. 'शेक्सपिअरवाला' चित्रपटासाठी १९६५ मध्ये बर्लिन महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार घेतलेली बाई आहे, कॅमेऱ्याला काय बुजणार! एक भाग आवाज बंद करून बघायला सांगा. हात कधी थांबतात, नजर कधी वर येते, ते बघण्यासारखं आहे. लिंबू-कोथिंबिरीचं चिकन दाखवलं आणि मँचेस्टरमधली कोथिंबीर संपली, असा किस्सा सांगतात. खरंखोटं तिथले भाजीवाले जाणोत.

शेवभाजी
यात आपलं महाराष्ट्रीय काय मिळणार? मुख्यतः दिल्लीचं कायस्थी खाणं. त्यापेक्षा कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' द्या, मराठी तरी टिकेल.

निवांत_नागपूरकर
शेवभाजी, दोन्ही देता येतात हो. पण 'रुचिरा' वाचून टीव्हीवर कसं बोलायचं ते कळणार नाही.

अळूवडी
१९७३चं पक्कं केलं. मालिकेचे भाग शोधायचं काम तिलाच लावते, पत्रकार व्हायचंय ना. शेवभाजी, 'रुचिरा' ताईने तिच्या बॅगेत आधीच कोंबलीय :)
मालिकेसोबतचं पुस्तकही घ्यावं का?

पाटावरवंटा
नवं कोरं नको. तिकडच्या चॅरिटी शॉपमध्ये जुनी प्रत बघायला सांगा. १९७३चं पुढ्यात असताना त्यावर जास्त खर्च करू नका.