मुलगी बोलायला लागते आणि मी लगेच प्रार्थना सुरू करतो. ऐकायचं कसं?

मागवाला, सोलापूर

सर्वांना सलाम. वय ५९. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत ३१ वर्षं चादरीच्या मागावर काढली. आता घरी असतो, डाव्या कानाला मशीन आहे.

मुलगी पुण्याला दिलीय. या मे महिन्यात माहेरी आली. तिला दुसऱ्यांदा दिवस गेले होते, तेही तिसऱ्या महिन्यात गेलं. परवा दुपारी तिची आई झोपली होती. ही माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "पप्पा, मला रात्री झोप येत नाही. सारखं..." मी तिथंच म्हटलं, "बेटा, देवाची वेळ असते. चल, प्रार्थना करू." डोळे मिटून दहा मिनिटं प्रार्थना केली. तिनं आमेन म्हटलं, उठली आणि चहा टाकायला गेली.

प्रार्थना मनापासूनच होती. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर ध्यानात आलं, तिचं वाक्य अर्धंच राहिलंय. सारखं काय? ते मी विचारलंच नाही.

शेडमध्ये मी असा नव्हतो, याचं जास्त लागतंय. तिथं सगळे माग एकदम चालू असले की शेजारच्याचं बोलणं कानात शिरत नाही. सांगणारा समोर येऊन उभा राहायचा. आपण माग थांबवायचा आणि त्याच्या तोंडाकडे बघायचं. ओठ, डोळे, हात. कांडी संपली, ताणा तुटला इथपासून ते पोराला ताप भरलाय इथपर्यंत सगळं तसंच कळायचं. कधी कधी माणूस नुसता येऊन उभा राहिला तरी कळायचं की आज याच्या घरी काहीतरी झालंय.

मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, मी वडील (एल्डर) म्हणून सेवा करतो, गृहभेटीला जातो. तिथंही समोरच्यानं दुःख काढलं की माझं बोट आधी बायबलातल्या स्तोत्रसंहितेत जातं. आता वाटतं, किती जणांची वाक्यं मी अशी तोडली असतील?

ती रविवारी सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं जाणार. चार दिवस आहेत. काय करू?

निवृत्त सिस्टर, बार्शी

काका, आधी कानाचं बोलते. कारखान्यातल्या आवाजानं कान जातो तेव्हा वरच्या पट्टीतलं आधी जातं. स, श, फ अशी अक्षरं निसटतात. बायकांचा, लहान मुलांचा बारीक आवाज नीट कळत नाही. गडगडाट मात्र ऐकू येत राहतो, म्हणून माणसाला वाटतं आपलं ठीक चाललंय. मुलगी दुःखात हळू बोलली असणार. त्यातलं निम्मं तुमच्यापर्यंत पोचलंच नसेल, आणि ऐकू आलं नाही की माणूस ती जागा आपल्याच बोलण्यानं भरतो. मशीन पंख्याचाही आवाज वाढवतं. तेव्हा उकाडा सोसा, पंखा बंद करा. तिच्या तोंडावर उजेड येईल असं बसा. शेडमध्ये तोंडाकडे बघत होतात तसंच बघा.

आता दुसरं. वॉर्डात आम्हीही म्हणायचो, "पुन्हा होईल, देवाची वेळ असते." त्यानं एकीचंही रडू थांबलं नाही. आमच्यासमोर थांबलं, एवढंच.

ती बहुधा स्वतःलाच दोष देत असेल, जिना चढले, प्रवास केला, अमुक खाल्लं. पहिल्या तीन महिन्यांत गर्भ जातो तो पुष्कळदा गुणसूत्रांतल्या बिघाडामुळे, आईच्या हातून काही चुकलं म्हणून नाही. दोनदा झालंय तर डॉक्टरांना विचारून तपासण्या करून घ्याव्यात. पण काका, हे सगळं आधीच सांगून टाकू नका. तिचं बोलून होऊ द्या.

एक विश्वासी, जालना

मला नाही वाटत तुम्ही चुकलात. बायबलात रोमकरांस पत्रात (१०:१७) आहे की विश्वास ऐकण्यानं येतो आणि ऐकणं ख्रिस्ताच्या वचनानं. दुःखातल्या माणसाला आपण देवाचं वचन, शास्त्रातलं वाक्य, द्यायचं नाही तर काय द्यायचं? नुसतं ऐकून घ्यायला जगात पुष्कळ आहेत. बाप म्हणून तुम्ही तिला देवासमोर नेलंत, ही लहान गोष्ट नाही.

पाळक, दक्षिण सोलापूर

जालन्याच्या भावांचं म्हणणं मी टाकून देत नाही. वचन द्यायचंच आहे. कधी द्यायचं, एवढंच बघू या.

लूकच्या शुभवर्तमानात, २४व्या अध्यायात, अम्माऊसच्या वाटेवर दोन शिष्य उदास होऊन चाललेत. मरणातून उठलेला प्रभू येशू त्यांच्याबरोबर चालू लागतो आणि विचारतो, तुम्ही कसलं बोलताय? ते म्हणतात, यरुशलेमात काय झालं ते तुला ठाऊक नाही का? त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? खिळे त्याच्याच हातांत ठोकले होते. तरी तो विचारतो, "कोणत्या गोष्टी?" मग ते सगळं सांगतात, आम्ही आशा धरली होती हेसुद्धा. तो मध्ये बोलत नाही. शास्त्र उलगडून सांगतो, पण त्यांचं सांगून झाल्यावर. मंडळीत एखादी बाई रडत आली की मी स्वतःला तेवढंच विचारायला लावतो: कोणत्या गोष्टी?

आणि भाऊ, तुमचा प्रश्न वाचताना मला जुन्या करारातली हन्ना आठवली. मूल नाही म्हणून रडणारी, जेवण सोडलेली. नवरा एलकाना तिच्यावर प्रेम करायचा, तरी म्हणतो काय, की मी तुला दहा मुलांपेक्षा जास्त नाही का? तिनं यावर काही उत्तर दिल्याचं शास्त्रात नाही. पुढं मंदिरात तिचे ओठ हलतात, आवाज येत नाही, आणि एली याजक समजतो की ही प्यालेली आहे. ओठ त्यानंही पाहिले होते. पण ती म्हणाली, "मी मनाने दुःखी आहे," तेव्हा तो थांबला, आपलं मत सोडलं, तिला शांतीनं जा म्हणाला. पुढं ह्याच एलीनं तिच्या लेकराला, शमुवेलाला शिकवलं: "बोल, तुझा दास ऐकत आहे."

म्हाताऱ्या एलीला जमलं. तुम्हाला तर ओठ वाचायची ३१ वर्षांची सवय आहे.

मागवाला, सोलापूर

सर्वांचे आभार. काल शनिवार. दुपारी दार ओढून घेतलं, पंखा बंद केला. ती म्हणाली, "पप्पा, उकडतंय की." म्हटलं, उकडू दे, मला तुझं ऐकायचंय. तू परवा सारखं म्हणालीस. सारखं काय?

ती बराच वेळ गप्प बसली. माझ्या तोंडात दोनदा वचन आलं. दोन्ही वेळा तिच्या ओठांकडे बघत राहिलो. मग ती बोलायला लागली. पाऊण तास बोलली. सिस्टर म्हणाल्या तसा जिनाही निघाला, पुण्याच्या घराचे तीन मजले. मी फक्त "मग?" म्हणत होतो. एक-दोन ठिकाणी शब्द निसटले तेव्हा पुन्हा सांगायला सांगितलं, आणि तिनं न कंटाळता पुन्हा सांगितलं. जिन्यात काही दोष नाही, हे मी शेवटी सांगितलं. तिनं पुन्हा विचारलं, "नक्की?" तपासणीला जाते म्हणाली.

प्रार्थना काल झाली नाही. आज पहाटे स्टेशनवर गाडी सुटायच्या आधी तिनंच माझा हात धरला, तेव्हा दोन वाक्यांची केली.

तिनं बाळाचं नाव ठरवलं होतं. घरात कोणालाच माहीत नव्हतं, जावयालासुद्धा नाही. काल ते मला सांगितलं. इथं लिहीत नाही.