'प्युनिटिव्ह डॅमेजेस'ला मराठीत काय म्हणावं?

तुकोगंजकर : आमच्या मंडळाच्या वादविवाद स्पर्धेचा विषय ठरलाय : 'दिवाणी दाव्यांतल्या प्युनिटिव्ह डॅमेजेसवर मर्यादा असावी का?' म्हणजे भरपाईच्या वर, शिक्षा म्हणून द्यायला लावलेल्या पैशांवर. पत्रकात मी 'दंडात्मक नुकसानभरपाई' लिहिलं. बाबा म्हणतात, दंड सरकारजमा होतो आणि भरपाई ज्याचं नुकसान झालं त्याला मिळते, मग ही खिचडी कसली? दुसरा शब्द सुचवा.

माळव्यातल्या काकू : भुर्दंड! सुटसुटीत आहे.

काळा कोट : काकू, भुर्दंड नको. तो आपली चूक नसताना बसतो. दावा लागलेल्या कंपनीच्या वकिलाला नेमका हाच शब्द आवडेल.
तुकोगंजकर, तुमचा शब्द रूढ आहे, ठेवा. बाबांची शंका मात्र रास्त. करार कायदा, १८७२ बघा. कलम ७३ : जेवढं नुकसान तेवढी भरपाई. कलम ७४ : करारात दंडाचा आकडा लिहिलेला असला, तरी कोर्ट वाजवी तेवढंच देतं, आकड्याच्या वर कधीच नाही. शिक्षेचं नाव नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३९ मध्ये मात्र जिल्हा ग्राहक आयोगाला दंडात्मक भरपाई देता येते, आणि तिला वरची मर्यादा घातलेली नाही.

सराफ्यातला : सरळ 'हर्जाना' म्हणा ना. इंदुरात शेंबड्या पोरालाही कळतं.

काळा कोट : हर्जाना म्हणजे साधी भरपाईच झाली. वरचे पैसे जरब बसावी म्हणून असतात, ते त्यात येत नाही. दिल्लीतल्या ओलियम वायुगळतीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८६ ला म्हटलं, की धोकादायक धंदा करणारी कंपनी जितकी मोठी नि सधन, तितकी भरपाई जास्त, तरच जरब बसेल. मग १९८९ ला भोपाळ वायुदुर्घटनेची तडजोड झाली ४७ कोटी डॉलरवर. त्या कारखान्याचा कचरा २०२५ ला जाळला आपल्या इंदूरजवळच्या पीथमपुरात. जरब कोणाला बसली, तुम्हीच सांगा.

तुकोगंजकर : म्हणजे मर्यादा नकोच?

काळा कोट : इतकं सोपं नाही. अमेरिकेत एकाला पुन्हा रंगवलेली बीएमडब्ल्यू नवी म्हणून विकली. नुकसान ४,००० डॉलर, ज्युरीने शिक्षा म्हणून लावले ४० लाख. अलाबामाच्या कोर्टाने ते २० लाखांवर आणले, १९९६ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला तेही अति वाटलं, शेवटी ५०,००० उरले. मलाही २० लाख जास्तच वाटतात. पण कायद्यात एकच ठरीव आकडा बांधलात, तर मोठी कंपनी तो खर्चात धरून मोकळी होते.

माळव्यातल्या काकू : आणि एवढे लाख त्या एकट्याच्याच खिशात का रे?

काळा कोट : काकू, बाबांचाही मुद्दा तोच. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात सदोष मालाच्या दाव्यात आकड्याला मर्यादा नाही, पण खर्च वजा जाता ७५ टक्के सरकारी खजिन्यात जातात. बाकीच्या बहुतेक दाव्यांत अडीच लाख डॉलरची मर्यादा. स्पर्धकांना हे नक्की सांगा, दोन्ही बाजूंना कामाचं आहे.

तुकोगंजकर : ठीक. शब्द तोच राहील. खाली बारीक अक्षरांत : 'झालेल्या नुकसानीखेरीज, जरब बसावी म्हणून लावलेली रक्कम'.

काळा कोट : 'नुकसानी' काढा. इथे कायद्याच्या हिंदीत डॅमेजेसलाच नुकसानी म्हणतात, आणि तुमचे निम्मे परीक्षक इथलेच वकील. 'झालेला तोटा भरून दिल्यावर' असं लिहा.