जंगलाची वाढ भूरूपामुळे की वनस्पतींच्या विविधतेमुळे?

प्रश्न : एकाच डोंगरावर माथ्याचे जंगल खुरटे असते आणि घळीतले उंच, दाट असते. घळीत प्रजातीही बहुधा जास्त आढळतात. मग तिथल्या वाढीचे श्रेय विविधतेला द्यावे की केवळ माती आणि ओलाव्याला?

प्रतिसाद १ : नैसर्गिक जंगलात ही कारणे वेगळी करणे अवघड आहे, कारण उतारावरून वाहून आलेली बारीक माती आणि पोषकद्रव्ये खाली साचतात व त्यामुळे वाढ आणि प्रजातींची संख्या एकाच वेळी बदलते. म्हणूनच मुद्दाम लागवड करून प्रयोग केले जातात. चीनमधील डोंगराळ जमिनीवरील अशा एका प्रयोगात 8 वर्षांनंतर 16 प्रजातींच्या मिश्र लागवडीत सरासरी एकल (एकाच प्रजातीच्या) लागवडीच्या दुपटीहून अधिक कार्बन (लाकडाच्या वाढीचे माप) साठलेला आढळला.

प्रतिसाद २ : त्या दुपटीवरून लगेच निष्कर्ष काढू नये. मिश्रणात एखादी जोमदार प्रजाती असण्याची शक्यता मुळातच अधिक असते, त्यामुळे तिचा वाटा आणि खोल व उथळ मुळांची किंवा ऊन व सावली मानवणाऱ्या झाडांची परस्परपूरकता वेगवेगळी मोजावी लागते.

प्रतिसाद ३ : चर्चा लाकडापुरतीच राहिली आहे, हे मला खटकते. तीव्र उतारावर पाचोळा टिकत नाही, माती धुपते. तिथे विविध थरांचे छत्र आणि मुळांचे जाळे यांचे काम कार्बनच्या आकड्यात दिसतच नाही. शिवाय उत्तर गोलार्धात दक्षिणाभिमुख उतार लवकर सुकतो, म्हणून तुलना करताना उताराची दिशाही नोंदवावी.